तात्यांनी साफ केलेलं आकाश

"हसू नका," मी म्हणालो.

अकरा वर्षं मी लोकांना 'जरा हसा' म्हणून सांगत आलो होतो. नवरदेवांना, बारशाच्या बाळांना, पासपोर्ट फोटोसाठी गळ्यापर्यंत बटणं लावून बसलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना. आणि त्या संध्याकाळी, शाळेमागच्या माळावर, जिचं हसू दिसावं म्हणून मी सात महिने शाळेवरून उगाचच सायकल दामटत होतो, नेमकं तिलाच मी हसू नका म्हणून दटावत होतो.

"किती वेळ?" हेमलता शेलार बाईंनी ओठ न हलवता विचारलं.

"पंचवीस सेकंद. हलायचं नाही, बोलायचं नाही."

"श्वास घेतला तर चालेल ना?"

मागे उभ्या असलेल्या नववीच्या आठ मुली खिदळल्या. एकीने दुसरीला कोपर मारलं ते मला अंधारातही कळलं. मुली त्या वयात सगळं ओळखतात. बाईंना काही ओळखू येत होतं की नाही, हा माझा सात महिन्यांचा प्रश्न होता.

सत्त्याण्णव सालचा एप्रिल. पाडव्याच्या आदल्या दिवसाची अमावस्या. सूर्य मावळून पाऊण तास झाला होता आणि बाईंच्या उजव्या खांद्याच्या वर, वायव्येला, धूमकेतू लखलखत होता. खाली ठळक डोकं आणि वर पसरत गेलेलं पांढरं शेपूट. त्या महिन्यात आमच्या अख्ख्या हिंगणगावाची मान दिवेलागणीला तिकडेच वळलेली असे.

बाई आमच्या कन्याशाळेत सप्टेंबरात आल्या होत्या. कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेत, भूगोल आणि विज्ञान शिकवायला. तीस एप्रिलला त्यांची मुदत संपणार आणि त्या परत सिन्नरला जाणार. मार्चमध्ये एकदा स्टुडिओत येऊन त्यांनी विचारलं, "चितारी, तुम्हाला धूमकेतूचा फोटो काढता येईल का? मोठा करून वर्गात लावायचाय. मी गेल्यावरही मुलींना दिसत राहील."

मी लगेच म्हणालो, "त्यात काय!"

त्यात काय काय होतं ते मला पुढच्या पंधरा दिवसांत कळलं. मी लग्नाचा फोटोग्राफर. माझं एकही गिऱ्हाईक आजवर आकाशात राहिलेलं नव्हतं. पण विट्याच्या वाचनालयातून एक जुनं मासिक आणलं, जुना यशिका कॅमेरा पुसला, कृष्णधवल रोल भरला आणि अमावस्येचा दिवस धरला.

समोरच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात माझा मित्र मुबारक अत्तार बसायचा. त्याच्याशी माझा करार झाला होता. फोटो बाईंच्या हातात ठेवायचा आणि त्याच दमात, घरी तुमच्या लग्नाचं कुठवर आलंय आणि माझ्यासारखा माणूस चालेल का, ते विचारून टाकायचं. नुसत्या हातांनी जाऊन विचारायची माझी छाती नव्हती. फोटो हीच काय ती माझी शिदोरी.

"आवस, शेंडेनक्षत्र आन् तू," मुबारक म्हणाला होता, "बाईवर तिन्ही एकदम आलायसा. बघ बाबा, झेपतंय का तिला."

सरावात बाकीचे संपून रोलमध्ये तीनच फोटो शिल्लक होते. पहिला काढताना एका मुलीचा पाय स्टँडला लागला. दुसऱ्याच्या वेळी दुधाची जीप माळाच्या रस्त्याने वर आली आणि तिच्या दिव्यांनी सगळं आकाश पांढरं करून टाकलं. उरला एक. तेव्हा मुलींनी गलका केला, "बाई, तुम्ही उभ्या राहा! धूमकेतूसंगं!" बाई नको नको म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

मी शटर उघडलं, एकदा फ्लॅश मारला आणि मोठ्याने आकडे मोजायला लागलो. वाऱ्याने बाईंच्या कानावरची बट हलत होती, तेवढी सोडली तर बाई पुतळ्यासारख्या. बावीसपर्यंत आलो आणि माझाच आवाज चिरकला.

"तेवीस विसरलात," शटर मिटल्यावर बाई म्हणाल्या. "बावीसनंतर थेट पंचवीस."

"घाबरलो होतो."

"धूमकेतूला?" त्यांनी विचारलं आणि मुलींना घेऊन उतरायला लागल्या.

पाडव्याच्या सकाळी मी रोल धुतला. शेवटची चौकट लाल दिव्याकडे धरून पाहिली आणि डार्करूममध्ये एकट्यानेच उडी मारली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. काळं आकाश काचेसारखं नितळ, आणि त्यात तारे काळे बारीक ठिपके. बाईंच्या डोक्याजवळ धूमकेतूचा काळा फराटा, शेपटीसकट. एक ठिपकाही हललेला नव्हता. मी निगेटिव्ह वाळत टाकली आणि त्याच दुपारी पलूसला दोन दिवसांच्या लग्नाच्या ऑर्डरवर गेलो. फोटोबद्दल मी घरात कुणाला अवाक्षर बोललो नव्हतो. त्यात बाई होत्या ना! गावाला कळलं असतं तर बाईंना शाळेत तोंड दाखवणं मुश्कील झालं असतं.

घरात म्हणजे कोण, तर तात्या, माझे वडील. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तात्यांनी चाळीस वर्षं स्टुडिओत निगेटिव्हवर हात फिरवला. भिंग डोळ्याला लावायचं, काळा डाग असला तर ब्लेडच्या तुकड्याने अलगद खरवडायचा, पांढरा असला तर पेन्सिलीच्या टोकाने भरायचा. पंचक्रोशीतल्या कितीतरी मुलींच्या देवीचे व्रण तात्यांनी पुसले आणि त्यांची लग्नं जमली. मग रंगीत रोल आले. ते धुवायला सांगलीला जायला लागले आणि तात्यांच्या हाताला काम राहिलं नाही. तीन वर्षं ते दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'काय पावनं' म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी मी परतलो तर तात्या पायरीवर नव्हते. आत टेबलापाशी होते, आणि शीळ घालत होते. तात्यांची शीळ मी आई गेल्यापासून ऐकली नव्हती.

"आलास? हात धुऊन ये. मग दावतो."

त्यांनी माझ्यापुढे एक मोठा फोटो ठेवला. त्यात शेलार बाई होत्या. सुरेख दिसत होत्या. कानावरची बट नीट बसली होती. हनुवटीवर त्यांना लहानपणच्या पडण्याची खूण होती, ती नाहीशी झाली होती. आणि मागे काळंभोर, मखमली, कुठे काही नसलेलं आकाश.

मला आधी काही कळलंच नाही. मग मी फोटो उजेडाकडे धरला.

"तात्या, ह्याच्यात आणखी काय होतं का?"

"होतं म्हंजे?" तात्या खुर्चीत सरसावून बसले. "फिलम कुटं घासलीस रं? डोक्याच्या अंगाला ह्यो एवढा वरखडा! आन् धूळ तर इचारू नगंस. बारीक, मोठी, समदीकडं. दोन दिस लागलं मला. एकेक ठिपका काडला. पर बघ आता, कुटं काय दिसतंय का?"

कुठेच काही दिसत नव्हतं. दोन दिवस खपून तात्यांनी पश्चिमेचं आकाश झाडून-पुसून लख्ख केलं होतं. ब्लेडने खरवडलेलं पुन्हा येत नाही. निगेटिव्ह कायमची गेली होती.

"पोरीच्या स्थळासाटनं फोटू हाय न्हवं?" तात्या म्हणाले. "एकलीच, साडीत, नीट उबी. मी लगीच वळखलं. म्हटलं, आपल्या हातचं काम आलं ह्ये. फोटू बगून मानूस न्हाय म्हणला तर मला सांग."

माझ्या जिभेवर फार वाईट शब्द आले होते. ते बाहेर पडायच्या आत मला एक गोष्ट आठवली. महिनाभर रोज संध्याकाळी मुबारक आणि मी तात्यांना माडीवर नेऊन धूमकेतू दाखवत होतो आणि तात्या रोज म्हणत होते, 'दिसला की. झ्याक हाय.'

"तात्या," मी विचारलं, "शेंडेनक्षत्र तुम्हाला दिसलं होतं ना? कसं होतं?"

"दिसलं की. लिंबाएवढं. पिवळंधमक."

"आणि शेपूट?"

"शेपूट आसंल बारकं. माज्या काय ध्यानात न्हाय."

वायव्येला गावाबाहेर पेट्रोल पंप होता. त्याच्या खांबावर पिवळा दिवा होता. तात्या महिनाभर त्याच्याकडे बघून मान डोलवत होते. भिंगाखालचं त्यांना दिसत होतं, दोन हातांपलीकडचं जग पुसट झालं होतं, आणि हे आम्हाला कळू नये म्हणून ते आमच्याबरोबर रोज जिना चढत होते. मला स्वतःचीच लाज वाटली. बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि पोरगं फोटोग्राफर!

"झकास झालाय फोटो, तात्या," मी म्हणालो.

"आसा हात आता कुनाचा ऱ्हायला न्हाय," तात्या म्हणाले, आणि पुन्हा शीळ घालायला लागले.

नवा फोटो काढावा म्हटलं, तर पाडव्यापासून रोज दिवेलागणीला वळवाचे ढग पश्चिमेला ठाण मांडून बसायला लागले. धूमकेतू खाली खाली चालला होता. मुबारकने सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं घड्याळ बाजूला ठेवलं.

"म्हंजे तुज्या बापानं तुजं लगीन खरवडून काडलं म्हण की."

"हसू नकोस."

"हसत न्हाय. बाईला खरं सांगून टाक."

"आणि बाईंनी शाळेत सांगितलं म्हणजे? गावभर होईल. तात्यांनी धूमकेतू पुसला म्हणून पोरं पायरीपाशी येऊन दात काढतील. तात्या पुन्हा कशाला हात लावणार नाहीत."

"मग काय सांगनार?"

"रोल माझ्या हातून खराब झाला म्हणून."

"आन् मग लगनाचं इचारनार? एवडं एक काम दिलतं त्ये बी बिघडवलं, आता मला पदरात घ्या म्हनून?" मुबारकने डोळ्याला भिंग लावलं. "जा. जाऊन ये. मी हाय हितं."

मधल्या सुट्टीत मी शाळेत गेलो. बाई प्रयोगशाळेत वह्या तपासत होत्या. मी उभ्या-उभ्याच पाठ केलेलं बोलून टाकलं. धुताना पाणी गरम झालं, रोल बिघडला, चूक सर्वस्वी माझी.

"पाकिटात काय आहे मग?"

पाकीट मी का नेलं होतं ते मला आजही सांगता येत नाही. बहुधा फोटोत त्या सुरेख दिसत होत्या म्हणून. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, फोटो बाहेर काढला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"गरम पाण्याने धूमकेतू गेला?"

"हो."

"तारेही गेले?"

"गेले."

"आणि माझी साडी, तिचे काठ, काठावरची नक्षी, सगळं शाबूत?" त्यांनी मान वर केली. "बरं, माझ्या हनुवटीवरची खूण? सातव्या वर्षी रहाटावर आपटले होते मी. तीही गरम पाण्याने?"

मी विज्ञानाच्या बाईंशी खोटं बोलत होतो. फार वेळ टिकण्यातलं ते नव्हतं. मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. तात्यांची शीळ, ब्लेडचा तुकडा, स्थळासाठीचा फोटो हा त्यांचा समज, पेट्रोल पंपाचा दिवा. सांगता-सांगता मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

 मग बाईंच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. मी वळून पाहिलं तर त्या पदर तोंडात धरून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"एकेक तारा?" त्यांनी विचारलं. "दोन दिवस बसून?"

"एकेक."

"तुम्ही त्यांना काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलणार? तीन वर्षांनी त्यांना काम मिळालं होतं."

त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी डोळे पुसले आणि फोटो पुन्हा पाकिटात घातला. "हा मी ठेवून घेते," म्हणाल्या. घंटा झाली. मी जिना उतरलो तेव्हा ध्यानात आलं, की विचारायचं ते राहूनच गेलं. मुबारकने दुकानातून हातानेच 'काय झालं' म्हणून विचारलं आणि मी हातानेच 'काही नाही' म्हणून सांगितलं. चार दिवस मी शाळेच्या रस्त्याने गेलो नाही.

रविवारी संध्याकाळी मी डार्करूममध्ये होतो. नवोदयच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांचे फोटो करायचे होते. कागदाचं नवं पाकीट उघडलेलं, हात औषधात, लाल दिवा चालू. अशा वेळी दार उघडलं की उजेड शिरतो आणि सगळा कागद वाया जातो. दार म्हणजे तरी काय, प्लायवूडची एक पातळ फळी. त्याच्यापलीकडे कुणी शिंकलं तरी आत ऐकू येई.

"तात्या, आहात का?" बाहेरून शेलार बाईंचा आवाज आला.

माझ्या हातातला चिमटा औषधात पडला.

"या बाई, बसा. भालू कोंडून घेतोय आत. बलवू?"

"नको. तुमच्याकडेच काम आहे. हा फोटो तुम्ही साफ केलात ना?"

 खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाई, मला एक खरं सांगा," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "चार दिस मला झोप न्हाय. हात शांत झाला की डोस्कं चालतं. धूळ आशी पडत न्हाय. धूळ सारखी पडती. ह्यात काय बारीक, काय मोटं, काय जोडीनं. आन् वरखडा एका बाजूनं रुंद व्हत जात न्हाय. ते काय होतं?"

मी दाराला कान लावला. सांगू नका, बाई, सांगू नका, असं मनात म्हणत होतो.

"तारे होते तात्या," बाई म्हणाल्या. "आणि धूमकेतू होता."

बाहेर तात्यांची खुर्ची करकरली.

"म्हंजे समदं मी..."

"हो. आणि इतकं सफाईने केलंत, की मला भिंग लावूनही ब्लेडची खूण सापडली नाही. असा हात मी पाहिला नाही."

"त्या येड्यानं मला सांगितलं का न्हाय? वरडला का न्हाय?"

"ते त्यांना विचारा. मला येऊन सांगून गेले, की रोल त्यांच्याच हातून बिघडला. सात महिने हा माणूस माझ्याशी धड एक वाक्य बोलला नाही. सायकलवरून जातो, येतो, पुन्हा जातो. मुली मोजतात, किती फेऱ्या झाल्या ते. शेवटी बोलला ते खोटं, आणि तेही वडिलांचं नाव जाऊ नये म्हणून." बाईंनी जरा दम घेतला. "मला ते आवडलं."

लाल दिव्याच्या उजेडात माझे कान कुठल्या रंगाचे झाले होते ते मला दिसलं नाही, पण तापले होते खरे.

"तुम्ही म्हणाला होतात ना, स्थळासाठी फोटो आहे म्हणून?" बाई म्हणाल्या. "तर तो तसाच समजा. आमच्याकडे पद्धत आहे. मुलीचा फोटो मुलाच्या घरी देतात. नापसंत असला तर परत पाठवतात. तुमच्याकडे?"

"आमच्याकडं बी तसंच."

"मग हा इथं ठेवून जाते. आईशी मी फोनवर बोललेय, तिची हरकत नाही. तीस तारखेपर्यंत मी आहे, तोवर परत आला तर मी समजेन. फक्त एक अट आहे. मुलाकडच्यांनी नीट बघून पसंत करायचं. मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नाव घालून ठेवलंय तुमचं, येत्या बुधवारचं. पेट्रोल पंप बघून मला हो म्हणायचं नाही."

तात्या हसले की खोकले ते मला दारातून कळलं नाही. बाईंच्या चपलांचा आवाज पायऱ्या उतरत गेला. मग दारावर टकटक झाली.

"भालू."

"अं?"

"ऐकलंस?"

"कागद उघडा आहे तात्या. दार उघडता येत नाही."

"नगं उगडू. मी काय म्हंतो, फोटू परत द्यायचा आसंल तर आत्ताच पळ. बाई अजून गिरणीपतूर बी गेल्या नसतील."

"द्यायचा नाही!" मी ओरडलो.

"मग त्ये मला कशाला सांगतोस दाराआडनं? त्यास्नी जाऊन सांग की!"

मी दार उघडलं. नवोदयच्या बावीस पोरांचा सगळा कागद एका क्षणात वाया गेला, आणि मी औषधाचे ओले हात घेऊन, अनवाणीच गिरणीच्या दिशेने पळत सुटलो.